आधी भाव की आधी हालचाल?

नमस्कार श्रोतेहो.

नाट्यशास्त्र शिकते असं सांगितलं की नातेवाइकांची एक फर्माईश हमखास येते. "मग जरा रडून दाखव बघू!" नटाकडे रडण्याचा नळ असतो, फिरवला की पाणी, असंच काका-मावश्यांना वाटतं. गंमत म्हणजे गेली शंभरेक वर्षं अभिनयाचा विचार करणारी मोठी माणसं याच फर्माइशीवरून एकमेकांशी वाद घालत आली आहेत.

माझ्या वर्गातली बहुतेक मुलं एकांकिका स्पर्धांमधून आलेली. तिथे दिग्दर्शक करून दाखवतो, आपण तसंच करायचं. कुठे थांबायचं, हशा कुठे येणार, सगळं ठरलेलं. त्या शिक्षणाला मी नावं ठेवणार नाही. शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोहोचवायला मी तिथेच शिकले. पण विभागात आल्यावर पहिल्याच सत्रात अभिनयाची पद्धत मांडणारा रशियन दिग्दर्शक स्तानिस्लाव्स्की समोर आला आणि विचारलं गेलं, "तू नेमकं काय करते आहेस?"

त्याच्या पुस्तकात एक प्रसंग आहे. पडद्याच्या चुणीत खोचलेली पिन शोधायची असते. विद्यार्थिनी धावाधाव करते, छाती धरते, हताश होते आणि स्वतःवर खूश होऊन परत येते. शिक्षक विचारतात, "पिन कुठे आहे?" ती शोधायचीच राहिलेली असते. मग तिला सांगतात, पिन मिळाली नाही तर शाळा सोडावी लागेल. आता ती खरंच एकेक चुणी तपासू लागते, आणि बघणाऱ्यांची नजर तिच्यावरून हलत नाही. आमच्या वर्गात पिनेऐवजी किल्ली होती. हाच व्यायाम मग वर्षभर वेगवेगळ्या रूपांत आमच्या मागे लागला.

स्तानिस्लाव्स्कीचं नाव काढलं की मुलांना सगळ्यात आधी आठवते ती भावस्मृती. आपलं जुनं दुःख आठवायचं आणि ते भूमिकेला द्यायचं. मला हा प्रकार मनापासून आवडत नाही. आपल्या आजीचं जाणं रोज संध्याकाळी तालमीसाठी उकरून काढायचं म्हणजे काय! शिवाय काही दिवसांनी त्या आठवणीतून काहीच येईनासं होतं, आणि नट प्रवेश सोडून स्वतःच्या आतच बघत बसतो. खुद्द स्तानिस्लाव्स्कीही पुढे यावर फार विसंबून राहिला नाही. १९३४ साली स्टेला अ‍ॅडलर ही अमेरिकन नटी पॅरिसमध्ये त्याच्यासोबत काम करून न्यूयॉर्कला परतली, तेव्हा तिनं हेच सांगितलं: भर परिस्थितीवर आणि कृतीवर द्या. तिथे आठवणींवर भर देणाऱ्या ली स्ट्रासबर्गशी तिचं कायमचं बिनसलं.

दुसरा मेयरहोल्ड, हाही रशियन दिग्दर्शक. परीक्षेच्या नोट्समध्ये तो स्तानिस्लाव्स्कीच्या बरोबर विरुद्ध रकान्यात असतो. एकाचं आतून बाहेर, दुसऱ्याचं बाहेरून आत, पाच मार्क. त्याच्या व्यायामातला 'बाण सोडणं' आम्ही केला. हातात ना धनुष्य ना बाण. प्रत्येक हालचालीआधी एक छोटी उलटी हालचाल करायची. पुढे झेपावायचं तर आधी मागे, वर जायचं तर आधी खाली. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा धरावा लागला. पण बाण सोडल्यावर अंगात जो ताठा येतो, तो मी कुठल्याही आठवणीतून आणलेला नव्हता. माणूस अस्वल बघून घाबरतो म्हणून पळत नाही, पळतो म्हणून घाबरतो, हे मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्सचं म्हणणं मेयरहोल्डला जवळचं वाटे. मला ते त्या दिवशी मांड्यांमधून पटलं.

आता नोट्समध्ये न येणारी गोष्ट. मेयरहोल्ड मुळात स्तानिस्लाव्स्कीच्याच मॉस्को आर्ट थिएटरचा नट. १८९८ साली चेखॉव्हच्या 'सीगल' नाटकामध्ये त्यानं त्रेप्लेव्हची भूमिका केली. १९०२ मध्ये तो बाहेर पडला आणि त्या वास्तववादावर आयुष्यभर टीका करत राहिला. १९३८च्या जानेवारीत सोव्हिएत सरकारनं त्याचं थिएटर बंद केलं. त्याच्या सावलीलाही कुणी उभं राहीना, तेव्हा त्याला आपल्या ऑपेरा थिएटरमध्ये बोलावून घेतलं ते स्तानिस्लाव्स्कीनं. तो स्वतः तेव्हा आजारी होता आणि घरीच नटांबरोबर शारीरिक कृतींवर काम करत होता. म्हणजे तोही शरीराकडेच येऊन पोहोचला होता! त्याच ऑगस्टमध्ये स्तानिस्लाव्स्की गेला. पुढच्या वर्षी मेयरहोल्डला अटक झाली आणि फेब्रुवारी १९४०मध्ये त्याला गोळ्या घातल्या. हे वाचल्यापासून ते दोन रकान्यांचं कोष्टक मला लिहवत नाही.

जर्मन नाटककार-दिग्दर्शक ब्रेख्त आपल्याला सोपा वाटतो. सूत्रधार आहे, तमाशातला सोंगाड्या आहे, विजया मेहता आणि जर्मन दिग्दर्शक फ्रिट्झ बेनेविट्झ यांनी मिळून ब्रेख्त मराठीत आणला त्यालाही आता पन्नास वर्षं होऊन गेली. त्यामुळे प्रेक्षकांकडे तोंड करून चार वाक्यं टाकली की झाला ब्रेख्त, असा आमच्यात समज. पण त्यानं तालमीसाठी सांगितलेला व्यायाम बघा. आपलं काम तृतीय पुरुषात आणि भूतकाळात बोलायचं. पुन्हा किल्ली आली. "तिनं पर्स उलटी केली. ती दाराकडे बघून म्हणाली..." असं बोलताना मीच थबकले. दाराकडे का? ही बाई कुणाला घाबरते? या घराच्या किल्ल्या आजवर कुणाच्या कमरेला होत्या? पहिल्यांदा किल्ली शोधताना हे प्रश्न मला पडलेच नव्हते. आणि ब्रेख्तला भावना नको होत्या हेही खोटं. १९४९ साली बर्लिनमध्ये त्याच्या 'मदर करेज' नाटकात हेलेने वायगेलनं आईची भूमिका केली. मुलाला मारणारी गोळी ऐकून ती मान मागे टाकते, तोंड पूर्ण उघडते आणि आवाज काढत नाही. तिचे फोटो मिळाले तर जरूर बघा.

ग्रोटोव्स्की सध्या चालू आहे. पोलंडच्या या दिग्दर्शकानं हठयोगही नटांवर करून पाहिला होता. त्याच्या लक्षात आलं की त्यानं नट शांत होतो, पण आत ओढला जातो. मग त्यानं आसनं घेतली आणि त्यांचा प्रवाह बदलला. लहानपणापासून सूर्यनमस्कार घातलेल्या आमच्यासारख्यांना हे ऐकून आधी राग येतो, जमिनीवर उतरल्यावर पटतं. त्याचा नट रिझार्ड चेश्लाक 'कॉन्स्टंट प्रिन्स' नाटकामध्ये छळ होऊन मरणारा राजपुत्र झाला होता. प्रेक्षकांना वेदना दिसल्या. चेश्लाक मात्र आपल्या कोवळ्या वयातल्या पहिल्या प्रेमाच्या आठवणीवर काम करत होता. मनातल्या मनात आठवून नव्हे, तर तेव्हा शरीर कसं वळलं, हात कुठे गेला, हे बारकाव्यानं पुन्हा शोधून. त्यासाठी ग्रोटोव्स्की आणि चेश्लाक या दोघांनीच कित्येक महिने, इतर नटांना बाजूला ठेवून, काम केलं होतं.

आमच्या सत्रात ग्रोटोव्स्कीला मोजकेच आठवडे आहेत, आणि मधे गणपतीची सुट्टी. म्हणून मॅडमनी व्यायामांची यादी बाजूला ठेवली आहे. प्रत्येकानं एकच आठवण घ्यायची, दुःखाची नको अशी अट आहे, आणि फक्त तिच्यातल्या हातांवर काम करायचं. मी आईबरोबर पापड वाळत घातल्याची घेतली आहे. मनगट नेमकं कसं वळायचं, ते अजून सापडायचं आहे.

नमस्कार.