आधी ऐकू आले का, ते पाहा

श्रोतेहो, सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पॉवर प्रेसच्या दणदणाटात ज्यांनी उमेदीची वर्षे काढली, असे काही जण नाशिकच्या या सभागृहातही असतील. सततच्या आवाजाने होणारे कानाचे नुकसान बहुधा ४००० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे उंच पट्टीच्या आवाजांत, आधी दिसू लागते. बोलण्याचा आवाज येतो, पण शब्दांतील बारीक व्यंजने निसटतात, आणि घरची मंडळी म्हणू लागतात, ‘बाबांच्या हल्ली काही लक्षातच राहत नाही.’ श्रवणतपासणीच्या जोडीने स्मरणशक्तीची प्राथमिक चाचणी करावी का, हा प्रश्न या तक्रारीतूनच उभा राहतो.

‘मोका’ ही ३० गुणांची चाचणी किंवा तीन शब्द आणि घड्याळाचे चित्र एवढ्यावर भागणारी ‘मिनी-कॉग’ सहसा तोंडी घेतली जाते. समजा, परीक्षकाने ‘दही’ म्हटले, आजोबांना ‘वही’ ऐकू आले आणि थोड्या वेळाने त्यांनी न चुकता ‘वही’ सांगितले. कागदावर शून्य पडते. स्मृतीने मात्र आपले काम चोख केलेले असते. म्हणून कानातला मळ काढून, श्रवणयंत्र असल्यास ते लावून, पंखा बंद करून, समोरासमोर बसून आणि प्रत्येक शब्द लगेच एकदा म्हणवून घेतल्यावरच ही चाचणी करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. श्रवणदोष असलेल्यांसाठी लेखी सूचनांची चाचणीही निघाली आहे, पण अक्षरओळख नसलेल्या आजीबाईंना तिचा काय उपयोग? (निरक्षर ज्येष्ठांचा विचार करून हरियाणातील बल्लभगढ परिसरात १९९० च्या दशकातच हिंदीतून चाचणी बेतली गेली होती.)

मग कानाच्या दवाखान्यात ही उठाठेव कशाला, असे कोणी विचारील. एखाद्या काकूंना यंत्र चार्जिंगच्या डबीत कसे ठेवायचे हे पुन्हा पुन्हा दाखवूनही पुढच्या भेटीत त्या डावे यंत्र उजव्या कानात खुपसत असतील, तर ऑडिओलॉजिस्टला, म्हणजे श्रवणतज्ज्ञाला, कारण कळायलाच हवे. ते कळले तर सोपे यंत्र निवडता येते, सूचना मोठ्या अक्षरांत लिहून देता येतात, घरातल्या एकाला शिकवून ठेवता येते. नाहीतर महागडे यंत्र कपाटात पडून राहते.

मात्र ‘यंत्र घ्या, नाहीतर स्मृतिभ्रंश होईल’ ही विक्रीची भाषा मला मान्य नाही. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये टाळता येण्याजोग्या १४ जोखीमघटकांत श्रवणदोष धरला आहे, हे खरे. पण २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘अचीव्ह’ या अमेरिकी अभ्यासात ७० ते ८४ वयाच्या ९७७ जणांना तीन वर्षे पाहिले, तेव्हा श्रवणोपचार मिळालेल्या आणि न मिळालेल्या गटांत एकूण फरक दिसला नाही; आधीच जास्त जोखीम असलेल्या उपगटात तेवढी बौद्धिक घसरण ४८ टक्क्यांनी मंदावली. यंत्र घ्यावे ते नातवाशी बोलता यावे म्हणून, आणि एवढे कारण पुरेसे आहे.

गुण कमी आले म्हणजे निदान झाले, असे नव्हे. शाकाहारी घरांत सर्रास आढळणारी बी-१२ ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य, झोपेच्या गोळ्या, यांपैकी काहीही त्यामागे असू शकते. तो शोध फॅमिली डॉक्टर आणि गरज पडल्यास मेंदुविकारतज्ज्ञ घेतील. चाचणीपूर्वी संमती घ्यावी, आणि निकाल सोबत आलेल्या सुनेला बाजूला घेऊन कुजबुजत सांगण्याऐवजी आधी त्या व्यक्तीलाच, तिला नीट ऐकू जाईल अशा बेताने, सांगावा.