रेतीतला फोरॅम आणि त्याच्या पोटातलं शेवाळ

(दृश्य : बडोदा म्युझियम, देवमाशाचा सांगाडा, कॅमेरा शेपटीकडून डोक्याकडे)

बडोद्यात समुद्रातला जीव म्हटलं की डोळ्यासमोर येतो तो हाच. कमाटीबागेतल्या म्युझियममधला देवमासा, १९४४ साली मही नदीच्या मुखाशी येऊन अडकलेला. शाळेच्या सहलीत आपण सगळ्यांनी तो बघितलाय. आमची ही फिल्म समुद्रातल्याच एका जिवाची आहे, फक्त तो नीट बघायला मायक्रोस्कोप लागतो आणि त्याचं अख्खं शरीर म्हणजे एकच पेशी.

(दृश्य : काळा ट्रे, ब्रशचं टोक)

ही पोरबंदरकडच्या किनाऱ्यावरची रेती. आधी ६३ मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत ६३ एवढ्या बारीक छिद्रांच्या चाळणीत पाण्याखाली धुतली, वाळवली, मग चौकटी आखलेल्या काळ्या ट्रेमध्ये पातळ पसरली. ब्रशचं टोक किंचित ओलं करायचं, दाण्याला नुसतं टेकवायचं, दाणा आपोआप चिकटून वर येतो. ब्रश जास्त ओला झाला की तीन-चार दाणे एकदम येतात आणि सगळं परत करावं लागतं. आता फोकस होतोय बघा... हा वाळूचा खडा नाही, हे कवच आहे, गोल गोल वळत गेलेलं, आत एकामागून एक कप्पे. ह्यांना म्हणतात फोरॅमिनिफेरा, लॅबमध्ये सगळे नुसतं फोरॅमच म्हणतात.

हे कप्पे बघून १८२६ मध्ये फ्रान्सचा निसर्गशास्त्रज्ञ द'ऑर्बिन्यी याने ह्यांना माकूळ-ऑक्टोपसच्या गोतात बसवलं होतं, कारण त्याच गोतातल्या नॉटिलसचा शंखही असाच कप्प्याकप्प्यांचा असतो. १८३५ मध्ये फ्रान्सच्याच द्युजार्दँने जिवंत फोरॅम बघितले आणि सांगितलं की अहो, आत ना डोकं आहे ना हातपाय, ही एकच पेशी आहे. एका पेशीने एवढं मोजूनमापून बांधकाम करावं, हे बघताना आजही विश्वास बसत नाही.

(दृश्य : जिवंत अ‍ॅम्फिस्टेजिना, हे फुटेज एका संशोधक ताईंनी दिलेलं)

आणि ही अ‍ॅम्फिस्टेजिना. फोरॅमचाच एक प्रकार, उथळ, उबदार, स्वच्छ पाण्यातला, आपल्याकडे लक्षद्वीपच्या रीफवर, म्हणजे प्रवाळांच्या खडकावर सापडतो. राईच्या दाण्याएवढी. रंग बघा, सोनेरी-तपकिरी. हा रंग तिचा नाहीच, कवच तर कॅल्साइटचं, म्हणजे चुनखडीतल्या खनिजाचं आहे, जवळजवळ पारदर्शक, रंग आत राहणाऱ्या डायटमचा आहे. डायटम म्हणजे एकपेशीय शेवाळ, बाहेर समुद्रात असताना स्वतःभोवती सिलिकाची पेटी बांधून राहणारं, पण फोरॅमच्या पोटात शिरलं की ती पेटी टाकून देतं, आणि त्याला तिथून काढून लॅबमध्ये वेगळं वाढवलं तर परत बांधायला लागतं!

आता झूम करतोय. कवचाला बारीक बारीक छिद्रं दिसतायत ना, डायटम बरोबर त्यांच्या खाली येऊन बसलेत, दाटीवाटीने. वरून ऊन येतं, डायटम साखर बनवतात, त्यातली बरीचशी फोरॅमला मिळते, आणि फोरॅमचा कार्बन डायऑक्साइड, नायट्रोजनचा कचरा डायटमला खत म्हणून चालतो. रीफवरचं स्वच्छ निळं पाणी दिसायला सुंदर असतं, पण त्यात खाण्यासारखं फार काही नसतं, तिथे ह्या दोघांचं असं भागतं. शिवाय शेवाळामुळे कवच बांधायलाही मदत होते. खोल पाण्यात ऊन कमी, म्हणून तिथली अ‍ॅम्फिस्टेजिना चपटी आणि पातळ असते, उथळातली जाड, फुगीर. दोन्ही शेजारी ठेवून शूट केलंय, फरक लगेच कळतो.

सगळ्याच फोरॅमकडे डायटम असतात असं नाही, प्रकाराप्रकाराने शेवाळ बदलतं. सोरायटिसकडे डायनोफ्लॅजेलेट नावाचं दुसरं एकपेशीय शेवाळ, प्रवाळांकडे असतात त्याच गटातले, आणि पेनेरोप्लिसकडे चक्क लाल शेवाळ. एल्फिडियम तर डायटम खाते आणि त्यातले फक्त क्लोरोप्लास्ट, म्हणजे उन्हावर साखर बनवणारे बारीक भाग, बाजूला काढून स्वतःच्या पेशीत सांभाळून ठेवते, ते पुढे कित्येक दिवस चालू राहतात.

(दृश्य : टाइमलॅप्स, पूर्ण ठेवायचा, कट नाही)

हा शॉट आम्ही कापलेला नाही. आईच्या कवचातून तपकिरी पेशीद्रव्य बाहेर येतंय, त्याचे तुकडे होतायत, शेकडो पिल्लं, आणि प्रत्येक पिल्लाच्या वाट्याला आईकडचं थोडं थोडं शेवाळ. मधे राहिलं ते आईचं पांढरं, रिकामं कवच. अशीच कवचं साठत साठत रेती होते. सुरत जिल्ह्यात तडकेश्वरकडे आणि वर कच्छमध्ये जो चुनखडीचा दगड आहे त्यात नुम्युलाइट्स ठासून भरलेत, इओसीन काळातले, म्हणजे साडेतीन-चार कोटी वर्षांपूर्वीचे नाहीतर त्याहून जुने. तेही उथळ समुद्रातले फोरॅमच, आणि त्यांच्याही पोटात शेवाळ असावं असं मानतात.

पाणी तापलं किंवा ऊन फार प्रखर झालं की प्रवाळांसारखेच आजचे हे शेवाळवाले फोरॅमही पांढरे पडतात, फ्लोरिडाला १९९१ मध्ये फोरॅमच्या अभ्यासक पामेला हॅलॉक ह्यांनी हे नोंदवलंय, कवचं तुटकी निघतात, पिल्लं वाकडी होतात.

(दृश्य : परत ट्रे, मोजणी चालू)

म्हणूनच आम्ही हे मोजणीचं काम इतका वेळ दाखवतोय. हॅलॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये एक इंडेक्स मांडला. रेतीतल्या कवचांपैकी शेवाळ सांभाळणारे किती, प्रदूषण सोसणारे किती, बाकीचे बारीक किती, त्यावरून आकडा काढायचा. चारच्या वर असेल तर तिथलं पाणी रीफ वाढायला चांगलं, दोनच्या खाली असेल तर नाही. ह्यासाठी प्रवाळाला हात लावावा लागत नाही, तुकडा तोडावा लागत नाही. लक्षद्वीपला असो की जामनगरच्या मरीन नॅशनल पार्कमध्ये, रीफचा सर्व्हे करणाऱ्या प्रत्येक टीमला आमचं कळकळीचं सांगणं आहे, परवानगी प्रवाळांसाठी काढताच तर तिच्यात मूठभर रेतीही लिहा, आणि बडोद्यात जिऑलॉजी शिकणारी मुलं आहेत, त्यांच्या हातात ब्रश द्या.