सायक्लोस्टाइलवरचा राग

श्रोतेहो, नमस्कार.

रोझा पार्क्स म्हटलं की एक दमलेली, सौम्य शिवणकामवाली बाई डोळ्यांपुढे येते. पाय दुखत होते, म्हणून बसमधली जागा गोऱ्या प्रवाशाला द्यायला उठली नाही म्हणे! ही गोष्ट सगळ्यांना सोयीची आहे, कारण तिच्यातला राग काढून टाकलाय. पार्क्सबाईंनी पुढे स्वतःच लिहून ठेवलं, की शरीर दमलं नव्हतं. सारखं नमतं घेण्याचा वीट आला होता.

हा राग जुना होता. ३ सप्टेंबर १९४४. अमेरिकेच्या अलाबामा राज्यातलं ॲबव्हिल गाव. रेसी टेलर ही २४ वर्षांची काळी विवाहिता, एका मुलीची आई, रात्री चर्चमधून पायी घरी निघाली होती. गोऱ्या तरुणांनी बंदुकीच्या धाकाने तिला मोटारीत कोंबलं आणि सहा जणांनी बलात्कार केला. त्यांच्यातल्याच एकाने शेरीफपुढे, म्हणजे तिथल्या पोलीसप्रमुखापुढे, बाकीच्यांची नावंही सांगितली. तरी ओळखपरेड झाली नाही. खटला चालवायचा की नाही हे ठरवणाऱ्या पंचमंडळात सगळे गोरे पुरुष. त्यांनी नकार दिला. वर टेलरच्या घरावर आगीचा बाँब पडला. तिची हकिकत उतरवून घ्यायला राज्याची राजधानी मॉन्टगोमरी इथून एनएएसीपी या काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेच्या शाखेच्या सचिव गेल्या, त्या रोझा पार्क्स. टेलरला न्याय मिळावा म्हणून समिती उभी राहिली, देशभरातून राज्यपालांच्या टेबलावर पत्रं पडू लागली. १९४५मध्ये दुसऱ्या पंचमंडळानेही नकारच दिला. अलाबामाच्या विधिमंडळाला माफी मागायला २०११ उजाडलं.

आता मॉन्टगोमरी. जो ॲन रॉबिन्सन कॉलेजात इंग्रजी शिकवायच्या. १९४९मध्ये जवळजवळ रिकाम्या बसमध्ये त्या पुढच्या, गोऱ्यांसाठी राखलेल्या बाजूला बसल्या, तर ड्रायव्हर हात उगारून अंगावर ओरडला. रडतच उतरल्या. मग महिला राजकीय परिषद या काळ्या बायकांच्या संघटनेत त्यांनी अशा तक्रारी गोळा केल्या: पुढच्या दाराने पैसे घ्यायचे, मागच्या दाराने चढ म्हणून खाली उतरवायचं, आणि बाई चढण्याआधीच बस हाकायची. २१ मे १९५४ला त्यांनी महापौरांना पत्र धाडलं: सुधारा, नाहीतर बहिष्कार.

१ डिसेंबर १९५५ला पार्क्सबाईंना अटक झाली, त्याच मध्यरात्री रॉबिन्सन कॉलेजातल्या सायक्लोस्टाइलपाशी पोचल्या. आपल्यातल्या जुन्या मंडळींना हे यंत्र आठवत असेल. मेणकागदावर फीत न लावता टाइप करायचं. अक्षराने मेण कापलं जातं आणि तिथून शाई झिरपते. घाव जोराचा बसला, तर गोल अक्षराचं पोट गळून पडतं आणि तिथे काळा ठिपका उमटतो. हलका बसला, तर अक्षर उमटतच नाही. रॉबिन्सनबाईंनी एका पानावर तोच मजकूर तीनदा घेतला, म्हणजे एका कागदात तीन पत्रकं. मजकूर रोखठोक होता: आणखी एका बाईला अटक झालीय, सोमवारी बसमध्ये चढू नका. खाली कुणाची सही नाही. कॉलेज सरकारी पैशावर चालायचं. नाव दिसलं असतं तर नोकरी गेली असती.

पहाटेपर्यंत हजारो पत्रकं निघाली, दोन विद्यार्थी मदतीला होते. सकाळी गठ्ठे शाळांमध्ये, दुकानांत पोचले. सोमवारी, ५ डिसेंबरला, बसमध्ये काळे प्रवासी जवळजवळ दिसलेच नाहीत. पुढे बहिष्कार ३८१ दिवस चालला.

कॉलेजच्या अध्यक्षांना सगळं कळलं तेव्हा ते चिडले. कागदाचे पैसे परिषद भरेल, असं रॉबिन्सनबाईंनी त्यांना सांगून टाकलं.