सनद, सोडत आणि गल्लीतली शाळा

चार्टर म्हणजे सनद. अमेरिकेतल्या चार्टर शाळेला पैसा सरकारचा मिळतो. फी घ्यायची नाही, मुलं निवडून घ्यायची नाहीत. त्या बदल्यात शिक्षक कोण नेमायचे, दिवस किती तासांचा ठेवायचा, हे शाळा ठरवते. काम नीट झालं नाही, तर सनद जप्त. निदान कागदावर तरी.

गंमत म्हणजे ही कल्पना देशभर गाजवली ती शिक्षक संघटनेच्याच पुढाऱ्यानं. १९८८मध्ये अल्बर्ट शँकर म्हणाले, काही शिक्षकांनी एकत्र येऊन आपल्याच शाळेत वेगळं काही करून पाहू द्या. १९९१मध्ये मिनेसोटा राज्यानं कायदा केला, पुढच्या वर्षी तिथल्याच सेंट पॉल शहरात पहिली शाळा उघडली. मग शाळा चालवणाऱ्या कंपन्या या धंद्यात उतरल्या आणि शँकरच विरोधात गेले.

अर्ज जागांपेक्षा जास्त आले की सोडत काढतात. आपल्याकडे आरटीईच्या पंचवीस टक्क्यांसाठी आई-बाप मोबाईलवरच्या मेसेजकडे डोळे लावून बसतात ना, अगदी तसंच. या सोडतीमुळे संशोधकांची मात्र सोय झाली. नंबर लागलेली आणि न लागलेली मुलं घरच्या परिस्थितीनं सारखीच, फरक फक्त नशिबाचा. मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या बोस्टनमध्ये अशी तुलना झाली, तेव्हा चार्टरमधली मुलं गणितात बरीच पुढे निघाली. आणि तरीही २०१६मध्ये चार्टर शाळा वाढवायच्या का, हा प्रश्न मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांपुढे आला, तेव्हा सुमारे ६२ टक्के लोक नाही म्हणाले.

ते मूर्ख होते असं मला वाटत नाही. जरा हिशेब करू. एका शाळेत पंचवीस वर्ग आहेत. प्रत्येक वर्गातून दोन मुलं चार्टरकडे गेली. पन्नास मुलांमागचा पैसा गेला, पण शिक्षक एकही कमी करता येत नाही. थंडीत बॉयलर तेवढाच जळतो, बसला डिझेल तेवढंच लागतं. मग कात्री लागते ती चित्रकलेला, नाही तर ग्रंथालयाला. मॅसॅच्युसेट्स सरकार काही वर्षं थोडी भरपाई देतं, पण तीही ठरल्याप्रमाणे पूर्ण मिळत नव्हती. म्हणजे निवड एकाची आणि बिल मागे राहिलेल्यांच्या नावावर. माझा आक्षेप चार्टरला नाही, या बिलाला आहे.

न्यू ऑर्लिन्सनं तर टोक गाठलं. २००५च्या कतरिना वादळानंतर राज्यानं बहुतेक शाळा ताब्यात घेतल्या, हजारो कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्या गेल्या. पुढे जवळपास सगळं शहरच चार्टर झालं. गुण वाढले, हे मान्य करायलाच हवं. पण घराजवळची म्हणून आपोआप आपली असलेली शाळा उरली नाही. लहान पोरं अंधारात उठून बसनं शहराच्या दुसऱ्या टोकाला जायला लागली. २०२४मध्ये तिथल्या शिक्षण मंडळानं स्वतः चालवायची म्हणून एक नवी शाळा उघडली. तिला नाव दिलं लिया चेस यांचं. त्या कोण, तर त्याच शहरात आयुष्यभर लोकांना जेवू घालणाऱ्या एक खानावळवाल्या बाई.