शाई काळी दिसली तेव्हा

श्रोतेहो, नमस्कार.

सातारची गोष्ट आहे. सप्टेंबर संपत आला होता, गणपती नुकतेच गेले होते. दुपारी एक जोरदार सर येऊन गेली होती. मी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर दिवसभराचं टपाल नोंदवत बसले होते. सहा वाजून गेले होते. लिहिता लिहिता अक्षरं काळी दिसायला लागली. चुकून दुसरं पेन उचललं की काय, म्हणून मी टोपण पाहिलं. निळंच होतं. मग वहीकडे नीट पाहिलं, तर पान हळदीच्या पाण्यातून काढल्यासारखं पिवळं! आणि एरवी पांढरी वाटणारी ट्यूबलाइट चक्क निळसर.

तेवढ्यात शिपाईमामा दारातून म्हणाले, "मॅडम, बाहेर या. आभाळ बघा कसं झालंय!"

बाहेर आलो. सूर्य यवतेश्वराच्या डोंगराआड गेला होता, पण गावावर पसरलेले ढग खालून पेटले होते. अजिंक्यतारा तांब्याच्या भांड्यासारखा दिसत होता. ओला रस्ता, उभ्या स्कूटर, मामांचा पांढरा सदरा, सगळं केशरी. आणि कशालाच सावली नव्हती. ते मला सर्वांत विलक्षण वाटलं. उजेड एका बाजूने येत नव्हता, अख्ख्या आभाळातून खाली झरत होता.

हे होतं कसं? सूर्याच्या प्रकाशात सगळे रंग असतात. हवेचे रेणू त्यातला निळा रंग तांबड्याच्या जवळजवळ सहापट विखुरतात, म्हणून दिवसा आभाळ निळं. सूर्य कलला की त्याच्या किरणांना हवेतून कितीतरी लांबची वाट कापावी लागते. क्षितिजावर तर माथ्यावरच्यापेक्षा सुमारे चाळीसपट. वाटेतच निळा गळून जातो; पिवळा, तांबडा तेवढा उरतो. त्या संध्याकाळी पश्चिमेला ढगांत फट होती. तिथून आलेला उजेड ढगांच्या तळाला लागून आमच्यावर उतरला. त्यात निळा जवळपास नव्हताच, मग निळी शाई निळी दिसणार कशी?

आभाळाचे रंग याहून अचाट झाल्याची नोंदही आपल्या देशात आहे. 27 ऑगस्ट 1883 रोजी जावा आणि सुमात्रा बेटांमधल्या क्राकाटोआ ज्वालामुखीचा महास्फोट झाला. पुढे सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मद्रास आणि श्रीलंकेकडे लोकांना सूर्य हिरवा दिसला. फार उंच गेलेल्या धुरळ्यात एकाच मापाचे बारीक कण असले, तर ते तांबडा प्रकाश जास्त विखुरतात आणि हिरवा-निळा पुढे येऊ देतात. नेहमीच्या उलट! शेतात, बाजारात, कचेरीत कामाला निघालेल्या माणसांनी वर पाहिलं असेल तेव्हा त्यांच्या मनात काय आलं असेल, याचा मी पुष्कळदा विचार करते. त्यांना कारण सांगायला कोणी नव्हतं. आम्हाला कारण ठाऊक असूनही आम्ही सगळे गप्प उभे होतो. रोज साहेबांच्या दालनाबाहेर ताटकळणारे एक आजोबाही आमच्यात येऊन उभे राहिले.

सात-आठ मिनिटं झाली असतील. केशरी जांभळं झालं, जांभळं राखाडी. कोणीतरी स्कूटर सुरू केली.

मी आत आले. पान पांढरं झालं होतं, ट्यूबलाइटही. शेवटच्या तीन नोंदी मी पुन्हा पाहिल्या. निळ्या होत्या.