नवा कंट्रोलर, जुनी वायरिंग

रोबोट स्पर्धेची मॅच जेमतेम अडीच मिनिटांची, आणि त्यात रोबोट मधेच ठप्प झाला की सगळी टीम आधी प्रोग्रामरकडे बघते. कोडमध्येच काहीतरी असणार! बऱ्याचदा कोड बिचारा ठीकच असतो.

हा चौकोनी डबा बघा, हा रोबोरिओ. फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशन या शाळकरी मुलांच्या रोबोट स्पर्धेत २०१५ च्या सीझनपासून रोबोटचा मेंदू म्हणजे हाच, त्याआधी २००९ पासून सी-रिओ होता. आता २०२७ च्या सीझनला येतोय सिस्टमकोर, लाइमलाइट कंपनीने बनवलेला, आत रास्पबेरी पायचं कम्प्युट मॉड्यूल, म्हणजे छोटासा कॉम्प्युटर. फर्स्ट टेक चॅलेंज या फर्स्टच्याच धाकट्या स्पर्धेतल्या छोट्या रोबोटवर पण पुढे हाच बसणार, म्हणजे तिथली पोरं मोठ्या स्पर्धेत आली की परत नवीन सिस्टीम शिकायला नको. हे खरं तर आधीच व्हायला हवं होतं.

आता या पिवळ्या-हिरव्या वायरच्या जोडीकडे बघा, ही कॅन बस, म्हणजे रोबोटच्या भागांमध्ये संदेश नेणारी लाइन. मोटर कंट्रोलर, एन्कोडर (किती फिरलं ते मोजणारे सेन्सर), पॉवर बोर्ड सगळे या एकाच जोडीवर ओळीने जोडलेले, नुसत्या स्वर्व्ह ड्राइव्हलाच (प्रत्येक चाक वेगळं वळवता येतं तो) आठ मोटर आणि चार एन्कोडर लागतात, त्यामुळे त्या वायरवर गर्दी होते ती होतेच, शिवाय मधलं एक कनेक्टर धक्क्याने सैल झालं की त्याच्या पुढचं सगळं गायब. रोबोरिओला अशी बस एकच, सिस्टमकोरला पाच. म्हणजे ड्राइव्ह एका बसवर, आर्म दुसऱ्या बसवर, आर्मची वायर तुटली तरी निदान पळता तरी येतं. माझ्या मते अपग्रेडमधली सगळ्यात कामाची गोष्ट हीच, प्रोसेसर फास्ट आहे वगैरे ते नंतर.

पण बस पाच झाल्या म्हणून कनेक्टर आपोआप घट्ट होत नाहीत, प्रत्येक बसच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचं टर्मिनेशन, म्हणजे रेझिस्टर, लागतंच. आणि बॅटरी तीच १२ व्होल्टची. सगळ्या मोटर एकदम करंट ओढायला लागल्या की व्होल्टेज धाडकन खाली येतं, रोबोरिओमध्ये ते साधारण ६.३ ते ६.८ व्होल्टच्या (रोबोरिओच्या मॉडेलप्रमाणे) खाली गेलं की कंट्रोलर स्वतः चालू राहायला मोटरच बंद करून टाकतो. ब्राउनआउट म्हणतात त्याला. यावर उपाय म्हणजे कोडमध्ये करंट लिमिट लावा आणि बॅटरीचे टर्मिनल नीट आवळा.

खरी धावपळ लॅबव्ह्यूवाल्या टीमची (त्यात कोड लिहायच्या ऐवजी चित्रांचे ब्लॉक जोडतात), कारण नव्या सिस्टीमवर जावा, सी प्लस प्लस आणि पायथनच चालणार. त्यांनी सीझन सुरू व्हायची वाट बघू नये, जुन्या रोबोटचा नुसता ड्राइव्ह कोड आत्ताच नव्या भाषेत लिहायला घ्यावा, त्यासाठी सिस्टमकोर हातात असायचीही गरज नाही, लॅपटॉपवरचं सिम्युलेशन पुरतं.