खरं शहर, टेबलावर मांडल्यासारखं

श्रोतेहो, नमस्कार. रेडिओवरून फोटो दाखवता येत नाही, पण आजच्या विषयाचं, म्हणजे खरं शहर खेळण्यातल्या मॉडेलसारखं दाखवणाऱ्या फोटोचं, मर्म तुम्हाला बसल्या जागी पाहता येईल. अंगठा डोळ्यांसमोर वीतभर अंतरावर धरा आणि नखाकडे टक लावून बघा. मागची भिंत धूसर झाली ना? आता अंगठा खाली घ्या आणि खिडकीतून दूरचं एखादं झाड बघा. त्याच्या मागची इमारतही तितकीच स्वच्छ दिसते. वस्तू अगदी जवळ असली की तिच्या आजूबाजूचं पुसट होतं, हे आपल्या नजरेच्या इतकं अंगवळणी पडलंय की तिकडे आपलं लक्षही जात नाही.

खऱ्या दृश्याचा फोटो खेळण्यातल्या मॉडेलसारखा दिसतो तो याच सवयीमुळे. उंचावरून टिपलेल्या रेल्वे स्टेशनच्या फोटोत पुढचा आणि मागचा भाग धूसर केला, मधला तेवढा स्पष्ट ठेवला, की आगगाडी हाताने उचलता येईल एवढीशी वाटू लागते.

कॅमेऱ्याचा हिशोब डोळ्यासारखाच. समजा, फुल फ्रेम म्हणजे मोठ्या सेन्सरचा कॅमेरा, ५० मिलिमीटरची लेन्स, आणि अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं प्रकाश आत सोडणारं छिद्र, एफ ८ वर. फोकस १० मीटरवर ठेवला तर साधारण ५ मीटरपासून पार लांबपर्यंत सगळं स्पष्ट येतं. तोच फोकस अर्ध्या मीटरवर आणला, की स्पष्ट भाग उरतो जेमतेम ४ सेंटिमीटर.

हा परिणाम लेन्समधूनच साधायचा तर टिल्ट-शिफ्ट लेन्स लागते. ती कॅमेऱ्यावर थोडी कलती करता येते. लेन्स कलली की फोकसची पातळी, म्हणजे जिथलं सगळं स्पष्ट येतं तो सपाट पडदा, तीही कलते. ऑस्ट्रियाच्या सैन्यातले अधिकारी थिओडोर शाइमफ्लुग यांनी हवाई छायाचित्रांमधला तिरकेपणा काढून नकाशे नीट करता यावेत म्हणून या तत्त्वावर काम केलं आणि १९०४ मध्ये पेटंट घेतलं. एरवी अशी लेन्स कलती करतात ती जवळचं-लांबचं सगळं एकाच वेळी स्पष्ट यावं म्हणून. आपल्याला ती नेमकी उलट्या बाजूला कलवायची असते, म्हणजे मधला बारीक पट्टा तेवढा स्पष्ट उरतो. इटलीचे छायाचित्रकार ओलिव्हो बार्बिएरी यांनी हेलिकॉप्टरमधून आणि जपानचे नाओकी होन्जो यांनी मोठ्या फिल्मच्या कॅमेऱ्यावर अशी शहरं टिपली, आणि ही शैली जगभर पोचली.

आता हे काम फोनवरही होतं. पण तिथे एक गोष्ट हमखास बिघडते. बहुतेक अ‍ॅप्स फोटोवर एक आडवा पट्टा आखतात आणि त्याच्या वरचं-खालचं सगळं सरसकट पुसट करतात. सपाट मैदान, बंदराचा धक्का, रुळांचं जाळं असेल तर हे चालून जातं. पण मध्ये एखादा मनोरा उभा असला तर? त्याचा पाया पट्ट्यात, म्हणून स्पष्ट, आणि शेंडा पट्ट्याबाहेर, म्हणून धूसर. वास्तविक दोन्ही कॅमेऱ्यापासून जवळपास सारख्याच अंतरावर आहेत. नजरेला ही लबाडी कळते आणि सगळी जादू विरून जाते. म्हणून मास्क, म्हणजे फोटोत कुठे धूसर करायचं आणि कुठे नाही हे ठरवणारा थर, हाताने रंगवा. मनोऱ्याच्या कडेकडेने ब्रश फिरवून तो शेंड्यापर्यंत स्पष्ट ठेवा आणि त्याच्या मागची घरं मात्र धूसरच राहू द्या. वेळ लागतो, पण माझ्या मते फोटोचं सगळं यश या एका कामात आहे. जमलं तर अ‍ॅपमधल्या साध्या ब्लरऐवजी, म्हणजे साध्या धूसरपणाऐवजी, ‘लेन्स ब्लर’ निवडा. त्यात दिव्यांचे ठिपके खऱ्या लेन्समधल्यासारखे गोल पसरतात.

फोटो निवडताना गच्चीवरून किंवा पुलावरून खाली पाहणारा कोन घ्या, कारण मॉडेलकडे आपण वरूनच बघतो. आकाश शक्यतो नको. धुकट हवा तर नकोच, ती लगेच अंतराची चाहूल देते. ऊन लख्ख हवं. रंग थोडे भडक करा, मॉडेलवरचा रंग ताजा असतो.

व्हिडिओ करणाऱ्यांसाठी एक गंमत सांगते. चित्रपटात १६ पट लहान केलेली इमारत कोसळताना खरी वाटावी म्हणून ती चौपट वेगाने, म्हणजे सेकंदाला चौपट फ्रेम (चित्रं) घेऊन, चित्रित करतात आणि नेहमीच्या वेगाने दाखवतात. पडझड संथ होते आणि इमारत मोठी वाटते. आपण उलट करायचं. सेकंदाला दोन-तीनच फ्रेम घ्यायच्या आणि त्या नेहमीच्या वेगाने चालवायच्या. माणसं तुरुतुरु पळतात, क्रेन झटके देत वळते, आणि चावी दिलेलं खेळणं चालावं तसं सगळं बंदर हलू लागतं.